‘मशीन परत केलेले’ ग्रुपचा मालक

ऑफिसात तिला सगळे यादीबाई म्हणत. तोंडावरच म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. कोणी चुकून खऱ्या नावाने हाक मारली, तर हे आणखी कोण आलं म्हणून तीच मागे वळून बघे.

कंपनी ऑक्सिजनचं मशीन बनवायची. फुप्फुसं थकलेल्या माणसांच्या पलंगाशी हे मशीन अखंड चालू असतं. खोलीतलीच हवा आत ओढतं, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा करतं आणि नळीने माणसाच्या नाकात सोडतं. आकाराने कपड्यांच्या छोट्या बॅगेएवढं, खाली चार चाकं. घर्र… फुस्स. घर्र… फुस्स. पहिले आठ दिवस घरात कुणाला झोप लागत नाही. नंतर त्याच्याशिवाय लागत नाही.

यादीबाईंचं टेबल दुसऱ्या मजल्यावर, पिण्याच्या पाण्याच्या टाकीला लागून. खुर्चीवर घडी केलेला टॉवेल, ड्रॉवरमध्ये सुई-दोरा, वेदनाशामक गोळ्या आणि शेंगदाण्यांची पुडी. काम सांगायला सोपं होतं. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ग्राहकाचं एक पान असायचं. त्यावर नाव, फोन, मशीनचा नंबर, फिल्टर कधी बदलला, आणि वर कोपऱ्यात एक शब्द: चालू किंवा बंद. याच पानावरून ग्राहकाला ऑनलाइन ग्रुपमध्ये घालायचं आणि तिथे त्याला काय करता येईल ते ठरवायचं. कोणी साधा मेंबर, कोणी भांडणं सोडवणारा मॉडरेटर, आणि प्रत्येक ग्रुपला एक मालक. डाळ-तांदूळ, कडधान्यं, मसाले ज्याच्या त्याच्या डब्यात भरावेत, तशी ती माणसं भरायची. ‘नवीन मशीनवाले’. ‘नळी आणि नाक’. ‘मशीन घेऊन प्रवास’. या शेवटच्या ग्रुपात तीनशे माणसं होती, आणि प्रवास आजवर दोघांनीच केला होता.

या कामाला ती मुलाखत देऊन लागली नव्हती. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. सोळा-सोळा मजल्यांच्या अंधाऱ्या विहिरीत तारेला लोंबकळून काम करणारा माणूस. तो एक दिवस स्वतःच्या घराच्या तिसऱ्या पायरीवर बसला आणि म्हणाला, “थांब गं जरा, ही लिफ्ट अडकली.” ती हसली. तोही हसला, पण उठला नाही. त्यानंतर मशीन आलं. हप्त्यावर नको, भाड्याने नको, विकतच घेऊ, म्हणजे कोणी न्यायला येणार नाही, असं त्यानेच ठरवलं होतं.

ती तेव्हा ग्रुपातली साधी मेंबर. पण नळी दाराखाली चिरडू नये म्हणून ती कशी बांधायची, कानामागे घासून जखम होते तिथे काय लावायचं, वीज गेली की पहिली दहा मिनिटं काय करायचं, हे ती इतक्या समजुतीने लिहायची की कंपनीने आधी तिला मॉडरेटर केलं आणि मग नोकरीच दिली. सकाळी नवऱ्याची नळी तपासायची, पाण्याचा तांब्या त्याच्या हाताशी ठेवायचा, शेजारणीला किल्ली द्यायची आणि दिवसभर दुसऱ्यांच्या नळ्यांची उत्तरं लिहायची. अशी चार वर्षं गेली. मग नवरा गेला. नोकरी राहिली.

‘मशीन परत केलेले’ हा ग्रुप झाला तो मास्तरांमुळे. मास्तर म्हणजे शाळेत कवायत शिकवणारे एक निवृत्त गृहस्थ. बायको गेल्यावर मशीन परत करून आले, पण ग्रुप काही त्यांच्याच्याने सोडवेना. एकदा ‘नवीन मशीनवाले’मध्ये एका मुलीने विचारलं, “बाबांच्या मशीनचा आवाज फार होतो. कमी कसा करायचा?”

मास्तरांनी उत्तर दिलं, “करू नका. तो थांबला की मग कळतं.”

झालं. त्या दिवशी तक्रारींचा नुसता पाऊस. तेव्हाचे साहेब म्हणाले, “हा माणूस घाबरवतोय लोकांना. काढून टाका.”

मशीन परत आल्याची नोंद अजून वर पोचली नव्हती, म्हणून मास्तरांचं पान चालूच होतं; ते बंद करून काढायला एक बटण पुरलं असतं. पण यादीबाईंनी त्या दिवशी दुपारचा डबाही न उघडता वेगळा ग्रुप काढला आणि मास्तरांना उचलून तिकडे ठेवलं. मग एकेक करत आणखी माणसं आली. कोणाचा भाऊ गेलेला, कोणाची आई. पान ‘बंद’ झालं की सॉफ्टवेअर त्या ग्राहकाला सगळ्या ग्रुपांतून आपोआप बाहेर काढायचं. पण तिने एक वाट शोधून काढली होती. मेंबर न करता ‘पाहुणा’ केलं, तर बंद पानाचा माणूसही राहू शकत होता. असे एक्केचाळीस पाहुणे जमले.

पण अगदी सुरुवातीला, ग्रुप काढतानाच, घोडं अडलं होतं मालकापाशी. ‘ग्राहकांनी ग्राहकांसाठी’ असं कंपनीने जाहिरातीतच छापलेलं, म्हणून ग्रुपचा मालक ग्राहकच हवा; ऑफिसचा माणूस चालत नाही, पाहुणाही चालत नाही. आणि त्याचं पान ‘चालू’ हवं. पाहुण्यांच्या घरात यजमान कुठून आणणार?

तिच्याकडे एक पान होतं. नवऱ्याचं. फोन नंबर तिचा होता. नवरा जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते आणि ते पान अजून ‘चालू’ होतं. इतरांची पानं ती ज्या दिवशी कळलं त्या दिवशी बंद करायची. हे एक राहूनच गेलं होतं. राहून गेलं म्हणायचं आपलं. तिने त्याला मालक केलं.

ग्रुपच्या माथ्यावर त्याचं नाव दिसू लागलं. तिला वाटलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. कोणी काही विचारलं नाही. दर तीन महिन्यांनी तिच्या फोनवर कंपनीचा मेसेज यायचा: ‘आपल्या रुग्णाच्या मशीनचा फिल्टर बदलण्याची वेळ झाली आहे. त्यांच्या उत्तम आरोग्यासाठी शुभेच्छा.’ हा मेसेज कोणे एके काळी तिनेच लिहून दिला होता. ती तो वाचायची आणि फोन उपडा ठेवायची. सहा वर्षांत असे चोवीस मेसेज आले.

मशीन घरातच होतं, झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात. त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायची सोय झाली होती.

ग्रुपात फार काही घडायचं नाही. मास्तर रोज सकाळी सातला त्या दिवशीच्या स्वयंपाकाची बातमी द्यायचे. “आज भात लागला. भांडं भिजत घातलंय.” त्यावर कोणी सांगायचं, पाणी जास्त घाला. कोणी लिहायचं, आज तिच्या चपला दिल्या एकीला. कोणी नुसतंच लिहायचं, “आहे.” तिथे ‘आहे’ एवढं पुष्कळ होतं.

या वर्षी नवे साहेब आले. वयाने तिच्या लेकीएवढे, बोलायला गोड, चालायला घाईचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी साफसफाई काढली. त्यांनी तिला बोलावलं तेव्हा पडद्यावर तिचा ग्रुप उघडा होता.

“बसा ना. हा ग्रुप काय आहे हो? एक्केचाळीस पाहुणे, खरेदी शून्य. सहा वर्षांत एक फिल्टर नाही, एक नळी नाही.”

“त्यांच्याकडे मशीन नाही साहेब. परत केलंय.”

“मग हे ग्राहक कुठे राहिले?”

ती पदर सारखा करत बसली.

“आणि हा मालक. पान चालू, पण सर्व्हिसची शेवटची नोंद सहा वर्षांपूर्वीची. सहा वर्षं बिनाफिल्टरचं मशीन चालवतोय हा माणूस! एक तर पैलवान असला पाहिजे, नाहीतर…” साहेब हसत होते. मग त्यांनी आडनाव वाचलं, तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं, आणि हसू तिथेच थिजलं. माणूस वाईट नव्हता. कपाळ चोळत म्हणाला, “माफ करा. मला माहीत नव्हतं.”

“असू दे.”

“पण हे बरोबर नाही ना. उद्या वरून तपासणी आली तर मी काय सांगू? शुक्रवारी ग्रुपांची यादी पक्की होणार आहे. ज्या ग्रुपला खरा, चालू ग्राहक मालक नाही, तो ग्रुप जाईल. तुमच्याकडे दुसरं कोणी असेल तर लावा. आणि हे पान… ते तुम्हीच बंद करा. मी करणं बरं दिसणार नाही.”

ती जागेवर आली. शेजारच्या टेबलावर तक्रारींचे फोन घेणारी बाई बसायची. घरी नवऱ्यालाही ‘हॅलो, आपली काय अडचण आहे?’ विचारते, अशी तिची ख्याती. म्हणून तिचं नावच हॅलो पडलं होतं. तिने कानावरचं यंत्र सरकवलं.

“काय झालं गं? तोंड का असं उतरलंय?”

यादीबाईंनी सांगितलं.

हॅलोने वाजत असलेला फोन तसाच वाजू दिला. तिच्या बाबतीत ही नवलाईच. मग म्हणाली, “बघ हं, राग मानू नकोस. पण ‘मशीन परत केलेले’ ग्रुपची तू कर्तीधर्ती, आणि मशीन परत न केलेली एकटी तूच. लोकांच्या पानांवर पटापट बंद-बंद करतेस, आणि आपलं तेवढं झाकून ठेवलंस.”

“हो.”

“अगं, भांड की जरा! नुसतं हो काय?”

“खरं बोलणाऱ्याशी काय भांडू?”

पुढचे दोन दिवस तिने एक्केचाळीस पानं एकेक करून उघडली. न जाणो, एखादं चालू असलं तर. कोणाच्या घरी दुसरा आजारी असेल, कोणी मशीन ठेवून घेतलं असेल. एकेक पान उघडताना मनात कुठेतरी कोणीतरी आजारी असू दे, असं येऊन गेलं, आणि तिची तिलाच किळस आली. बंद. बंद. बंद. प्रत्येक पानाखाली बंद करणाऱ्याचं नाव होतं आणि ते तिचंच होतं.

बुधवारी लेकीचा फोन आला. लेक दुसऱ्या शहरात, तिच्या संसारात. “आई, मी किती वर्षं सांगतेय, तो ग्रुप सोड. तुला रोज तेच-तेच उगाळायला लागतं. बंद होतोय तर होऊ दे. सुंठीवाचून खोकला गेला.”

“तुझ्या बाबांचा खोकला सुंठीने कुठे गेला होता?” यादीबाई म्हणाल्या. पलीकडे कुकरची शिट्टी झाली आणि लेक म्हणाली, “ठेवते गं.”

गुरुवारी सकाळी, मास्तरांची स्वयंपाकाची बातमी यायच्या आधी, तिने ग्रुपात लिहिलं. कंपनीच्या भाषेत लिहायला घेतलं होतं. ते तीनदा पुसलं आणि मग सरळ लिहिलं.

“वर जे मालकाचं नाव दिसतं, ते माझ्या नवऱ्याचं. ते सहा वर्षांपूर्वी गेले. त्यांचं पान मी बंद केलं नाही. त्या पानावर हा ग्रुप चालू होता. आता ते बंद करावं लागेल. तुमच्यापैकी कुणाच्या घरी सध्या मशीन चालू असेल, तरच ग्रुप राहील. असेल असं मला वाटत नाही, आणि नसावं हेच बरं. उद्या संध्याकाळनंतर इथे काही दिसलं नाही, तर घाबरू नका.”

मास्तरांनी लिहिलं, “बाई, आम्हाला ठाऊक होतं.”

तिने विचारलं, “कधीपासून?”

“पहिल्या वर्षापासून. चालू माणूस वर्षभर गप्प बसतो होय? माझी बायको मशीन लावूनसुद्धा दिवसभर बोलायची.” आणि थोड्या वेळाने, “आज अंडी उकडली. जमली.”

दिवसभर लोक ‘आहे’, ‘आहे’ लिहीत राहिले, घर रिकामं करताना शेवटची फेरी मारावी तसे. कोणी पुढे आलं नाही. संध्याकाळी यादीबाईंनी टेबल आवरलं, टॉवेलची घडी घातली आणि जिन्यापर्यंत गेल्या, तोच फोन वाजला. फोन धाकटीचा होता. ग्रुपात सगळ्यांत लहान म्हणून तिला धाकटी म्हणत. पस्तिशीची, एका दवाखान्यात चिठ्ठ्या लिहिणारी. तीन वर्षांपूर्वी तिचे सासरे गेले होते.

“ताई, बोलू का?”

“बोल ना.”

“आमच्याकडे आहे मशीन.”

यादीबाई जिन्यातच खाली बसल्या. “कुणाला गं?”

“सासूबाईंना. तीन आठवडे झाले. पान ह्यांच्या फोनवर काढलंय, म्हणून तुम्हाला दिसलं नसेल. मीच म्हटलं होतं, माझा नंबर देऊ नका.” ती थांबली. “तिकडे सगळे सुटलेले ना ताई. मी पुन्हा अडकले हे सांगायला जीभच रेटेना. वाटलं, सगळे ‘नवीन मशीनवाले’त जा म्हणतील. तिथे मला नाही जायचं. तिथे लोक अजून विचारतात, बरं कधी होणार.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“तुम्हाला माहितीये काय म्हणतात ते.”

माहीत होतंच. धाकटीच्या मागून बारीक आवाज येत होता. घर्र… फुस्स.

“मला करा मालक,” धाकटी म्हणाली.

“अगं, म्हणजे सासूबाई आहेत तोवरच…”

“कळतंय मला. तोवर तर तोवर.”

शुक्रवारी दुपारी यादीबाईंनी धाकटीच्या नवऱ्याच्या पानाला तिचा नंबर जोडला आणि तिला मालक केलं. सॉफ्टवेअरने विचारलं, ‘जुन्या मालकाला या ग्रुपमधून वगळायचे का?’ तिने ‘हो’ म्हटलं. मग नवऱ्याचं पान उघडून कोपऱ्यातल्या ‘चालू’वर बोट ठेवलं.

पान बंद करताना कारण द्यावं लागतं. यादी ठरलेली असते: मशीन परत केले, मशीन नादुरुस्त, दुसऱ्या कंपनीचे घेतले, गरज उरली नाही, इतर. मेलेल्या माणसांसाठी ती आजवर ‘गरज उरली नाही’ निवडत आली होती. शेकड्यांनी निवडलं असेल, चहाचा घोट घेता-घेता. आज तिथे बोट जाईना. तिने ‘इतर’ निवडलं. खाली चौकोन उघडला. तिने लिहिलं, ‘गेले’. सॉफ्टवेअर म्हणालं, किमान दहा अक्षरे लिहा.

ती बघत राहिली. शेजारून हॅलोने न बोलता पाण्याचा पेला सरकवला.

मग तिने लिहिलं, ‘माणूस गेला. मशीन घरीच आहे.’

पान बंद झालं. खाली नाव आलं, बंद करणारी: तिचंच.

पुढच्या आठवड्यात ‘मशीन घरीच आहे’ वाचून सर्व्हिसवाला आला. कोणाला उपयोगी पडलं तर बघा, असं तिने त्याला सांगितलं होतं. त्याने झाकण उघडलं, हुंगलं आणि मान हलवली. “मावशी, सहा वर्षं चाललं नाही तर आतला माल मरतो याचा. आता हे नुसतं ओझं.” तो ते ढकलत घेऊन गेला. कोपऱ्यातल्या फरशीवर चाकांचे चार काळे डाग राहिले. सोड्याने घासले, निघाले नाहीत. इस्त्रीचे कपडे आता खुर्चीवर असतात.

ग्रुप आहे. पण त्यातलं बोलणं बदललं. मास्तर स्वयंपाक सांगण्याआधी विचारतात, “सासूबाई कशा?” मग एकेक करून सगळे विचारतात. कधीही न पाहिलेल्या एका म्हातारीला ताप आला, की गावोगावची चाळीस माणसं दिवसभर फोन हातातून सोडत नाहीत. काळजीच असते ती. पण नुसती काळजी नव्हे, हे त्यांनाही कळतं, आणि मग ती जास्तच मायेने विचारतात. एकदा मास्तरांनी यादीबाईंना वेगळं लिहिलं, “आपण म्हातारीच्या जिवावर बसलोय की तिच्या पायाशी, तेच कळेना झालंय.”

धाकटीने शेवटी सासूला ग्रुपचं सगळं सांगून टाकलं. सासू म्हणे खूप हसली, मग खोकली, मग म्हणाली, “आण तो फोन.”

ग्रुपात पाठवलेला म्हातारीचा आवाज यादीबाईंना सकाळी टेबलाशी बसल्या-बसल्या मिळाला. त्यांनी फोन कानाला लावला.

“कोण गं बाई तुम्ही सगळे?” म्हातारी दम घेत बोलत होती. “रोज विचारता, मी आहे का म्हणून… सख्ख्या लेकाने इतक्यांदा विचारलं नाही… आहे मी. जेवले. आता तुम्ही जेवा.”

संपलं. अठरा सेकंदांचा मेसेज. ग्रुपात कोणी लगेच काही लिहिलं नाही. एरवी एवढं काही आलं की निदान मास्तर तरी चटकन बोलतात. त्या दिवशी बऱ्याच वेळाने त्यांची एक ओळ आली.

“मागचा आवाज ऐकलात?”

यादीबाईंनी मेसेज पुन्हा लावला. या वेळी म्हातारीच्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. शब्दांच्या मधल्या जागा ऐकल्या. हॅलोने आपल्या कानावरचं यंत्र काढून बाजूला ठेवलं, खुर्ची सरकवली आणि डोकं तिच्या डोक्याला टेकवलं.

घर्र… फुस्स. घर्र… फुस्स.

“आणखी एकदा लाव,” हॅलो म्हणाली. यादीबाईंनी आधीच लावला होता.